लाकडी बॉडीची जुनी फ्रेंच गाडी नागपुरात कशी सांभाळायची, कशी दुरुस्त करायची

मे महिन्यात बैलबंडीच्या चाकाची धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, सैल होऊन वाजायला लागते आणि पाऊस पडला की आपोआप घट्ट बसते. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. लाकडी बॉडीच्या मोटारीचंही नेमकं हेच होतं. फरक इतकाच की बंडीचं लाकूड चार बोटं जाड असतं आणि सैल झालं तरी काम चालतं. मोटारीच्या अंगावरची पट्टी जेमतेम ३ मिलिमीटर जाड असते आणि ती शेकडो रिव्हेटांनी जखडलेली असते. तिला हलायला जागा मिळाली नाही तर ती फाटते.

या जातीतली सगळ्यात नावाजलेली गाडी म्हणजे हिस्पानो-सुइझा एच-६-सी, ‘ट्यूलिपवुड’ नावाने ओळखली जाणारी. कंपनी मुळात स्पेनची, पण ही मोठी मॉडेलं पॅरिसजवळच्या कारखान्यात बनत. शर्यतीत गाड्या पळवणारे आंद्रे दुबोने यांनी सिसिलीतल्या १९२४ च्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीसाठी ती करून घेतली, आणि बॉडी बनवली न्यूपोर या विमानं बनवणाऱ्या कारखान्याने. आत लाकडी फासळ्या, त्यांवर पातळ पट्ट्या आणि त्या बसवायला बारीक रिव्हेट. थोडक्यात, चाकांवरची होडी. त्याआधी १९१२ च्या सुमारास लाबुर्देत या पॅरिसच्या बॉडी कारखान्याने पानार्ड गाडीवर ‘स्किफ’ नावाची बिनदाराची लाकडी बॉडी चढवली होती, तीही होडीच्याच धर्तीवर.

अशी गाडी दारात असणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. तरी खाली दिलेलं बरंचसं त्या काळच्या कुठल्याही गाडीला लागू पडतं. बाहेरून पत्रा दिसणाऱ्या १९२०-३० च्या बहुतेक महागड्या गाड्यांच्या पोटात लाकडाचाच सांगाडा असतो, बहुधा युरोपातल्या लवचीक अ‍ॅश लाकडाचा. हौसेने प्रतिकृती बांधणाऱ्यांनाही हेच नियम पाळावे लागतील.

आधी हिशेब, मग हत्यार

नागपुरात नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते आणि ऑगस्टमध्ये ती ८० च्या आसपास असते. उघड्या हवेत ठेवलेल्या पातळ लाकडात पाण्याचं प्रमाण मे महिन्यात ४ ते ५ टक्क्यांवर येतं आणि पावसाळ्यात १५-१६ पर्यंत चढतं, म्हणजे जवळपास ११ टक्क्यांचा फरक.

महोगनीची ५० मिलिमीटर रुंद पट्टी, सपाट (वलयं रुंदीला समांतर) चिरलेली असेल तर, दर टक्क्याला साधारण ०.१२ मिलिमीटर फुगते किंवा आकसते. अकरा टक्क्यांना ते १.३ मिलिमीटर होतं. एका पट्टीला हे किरकोळ वाटेल. पण गाडीच्या एका बाजूला अशा बारा पट्ट्या शेजारी-शेजारी असतील तर बेरीज दीड सेंटिमीटरच्या वर जाते. मे महिन्यात पट्ट्या एकमेकींना भिडवून घट्ट बसवल्या, तर जुलैत त्या फुगून पोटं काढतात आणि रिव्हेटची डोकी उपटतात. ऑगस्टमध्ये घट्ट बसवल्या तर पुढच्या एप्रिलमध्ये फटीतून आतली फासळी दिसते. मिस्त्रीचा हात कितीही चांगला असला तरी यातून सुटका नाही.

म्हणून सुतारकाम दिवाळीनंतर सुरू करायचं आणि होळीच्या आत संपवायचं. त्या दिवसांत नागपुरातलं सावलीतलं लाकूड ९-१० टक्क्यांवर असतं, दोन्ही टोकांच्या मधोमध. ही एक गोष्ट पाळली तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

ओलावा मोजायला दोन पिनांचं मीटर घ्या. लाकडाची जात निवडायची सोय असलेलंच घ्या, कारण ओलावा तेवढाच असला तरी सागाचं आणि महोगनीचं रीडिंग वेगवेगळं येतं. पिना बाहेरच्या पॉलिशमध्ये खुपसू नका, आतल्या बाजूने लावा. हे मीटर ६ टक्क्यांच्या खाली भरवशाचं राहत नाही, त्यामुळे मे महिन्यात त्याच्यापेक्षा शेडमधल्या आर्द्रतामापकावर जास्त विसंबा. आर्द्रतामापक खरं बोलतो का, हे तपासायची घरगुती रीत आहे. झाकणात दोन चमचे मीठ घ्या, त्यात ते विरघळणार नाही, फक्त ओलसर चिखल होईल इतकंच पाणी घाला. ते आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर पुढे प्रत्येक रीडिंगमध्ये ५ मिळवायचे.

वर्षात दोनदा, नवतपा संपताना आणि पोळ्याच्या सुमारास, ठरलेल्या वीस जागांची मापं वहीत लिहून ठेवा. मीटरचा आकडा आणि त्या जागची फट, दोन्ही. फट मोजायला फिलर गेज, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, वापरा.

गाडी उभी कुठे करायची

पत्र्याची शेड ही सगळ्यात वाईट जागा. विटांच्या भिंती, वर स्लॅब, पश्चिमेकडून ऊन न लागणारी खोली मिळाली तर निम्मं काम झालं. आतली आर्द्रता ३५ च्या खाली आणि ६५ च्या वर जाऊ द्यायची नाही. एवढं साधलं की लाकडातला फरक ११ वरून ५ टक्क्यांवर येतो.

उन्हाळ्यात कूलर लावायला हरकत नाही, उलट लावाच, पण गाडीकडे तोंड करून कधीही नाही. ओल्या वाऱ्याचा झोत एकाच बाजूला बसला की ती बाजू फुगते, पलीकडची कोरडी राहते आणि पट्ट्या वाटीसारख्या वळतात. कूलर शेजारच्या खोलीत ठेवून मधलं दार अर्धं उघडं ठेवा, किंवा लांबच्या भिंतीवर ओलं गोणपाट टांगा. कूलर दिवसा चालू, रात्री बंद असंही करू नका. आकडा पाहून चालवा. पावसाळ्यात हवा कोरडी करणारं मशीन लागतं. एसीने हवा कोरडी होते खरी, पण फार वेगाने, आणि झोत तिथेही तोच त्रास देतो.

झाकायला सुती कापड वापरा. ताडपत्रीखाली घाम धरतो आणि बुरशी आठवडाभरात येते.

वाळवीचं वेगळं सांगायला नको, नागपूरच्या काळ्या मातीत ती सगळीकडे आहे. गाडी लोखंडी स्टँडवर उचलून ठेवा, भिंतीपासून दोन हात लांब, आणि चाकांखाली लाकडी ठोकळे लावू नका. भुंग्याची खूण वेगळी असते. १-२ मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर तो भुंगा. तो पांढऱ्या कडेचं लाकूड खातो, गाभ्याला सहसा लागत नाही. पॉलिश काढलेल्या उघड्या लाकडावर ६ भाग टाकणखार आणि ४ भाग बोरिक पावडर यांचं, गरम पाण्यात केलेलं १० टक्क्यांचं द्रावण दोनदा लावलं की पुरतं. पॉलिशवरून लावलं तर आत जात नाही आणि मेहनत फुकट.

तपासणी

रबरी किंवा लाकडी हातोडीने सगळीकडे हलकं टिचकत चला. निरोगी जागी टणक आवाज येतो, पोकळ किंवा सुटलेल्या जागी भदभद. जिथे शंका येईल तिथे आतून दाभण टोचा. निरोगी लाकडात ते एक-दोन मिलिमीटरवर अडतं, कुजलेल्यात लोण्यात जावं तसं जातं. पहिल्यांदा पाहायच्या जागा म्हणजे दाराच्या खांबाचं बूड, मागच्या चाकावरची कमान, काचेच्या चौकटीचा पाया आणि जिथे पाणी बाहेर पडायचं भोक बुजलेलं असतं ती प्रत्येक जागा. लाकूड बहुतेक वेळा आडव्या कापलेल्या टोकाकडून कुजतं, कारण पाणी तिथूनच आत शिरतं.

दार लोंबकळत असेल तर बिजागरीला दोष देण्याआधी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोहोंत ३ मिलिमीटरच्या वर फरक असेल तर सांगाडा सरकलेला आहे. अशा वेळी बॉडी चेसिसवरून उतरवण्याआधी दाराच्या भोकांत आडवे-तिरपे आधार ठोकून घ्या, नाहीतर उचलताना उरलेले सांधेही सुटतात.

कुरकुर कुठून येते तेही शोधा. लाकडावर लाकूड घासलं की आवाज येतो. वैमानिक शार्ल वेमन यांनी १९२० च्या दशकात यावर सोपा उपाय काढला होता. सांध्यात लाकडं एकमेकांना टेकवायचीच नाहीत, मधे थोडी फट ठेवून ती लोखंडी पट्ट्यांनी जोडायची. तुमच्या सांगाड्यात अशा मुद्दाम ठेवलेल्या फटी दिसल्या तर त्या लांबीने (पुट्टीने) भरू नका. असली ‘दुरुस्ती’ केलेले सांगाडे खूप सापडतात.

लाकूड

ज्या जातीचं लाकूड मूळ आहे त्याच जातीचं लावायचं, हा नियम. महोगनीच्या जागी साग लावला तर रंग जुळवता येतो, पण दोघांची फुगण्याची मापं वेगळी असल्याने सांध्यावर भेग दिसायला लागते. लागवडीच्या कोवळ्या झाडाची महोगनी आता सहज मिळते. ती हलकी आणि फिकट असते. जुन्या फर्निचरची महोगनी मिळाली तर ती पहिली घ्या, खिळे काढून.

प्रतिकृतीसाठी मात्र आपल्याकडच्या सागाला तोड नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग बल्लारशाहच्या डेपोतून येतो, आणि नागपूरच्या लकडगंजात आरा-मशीनवर हवा तसा चिरून मिळतो. त्यातही उभ्या रेषांचा, म्हणजे वलयं पट्टीच्या रुंदीला काटकोनात येतील असा चिरायला सांगा. अशी ५० मिलिमीटरची सागाची पट्टी ११ टक्क्यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर हलते, महोगनीच्या निम्म्याहून कमी. लाकूड वाया जास्त जातं म्हणून आरेवाला कुरकुर करेल, पैसे जास्त द्या. पावती जपून ठेवा.

सांगाड्यातल्या अ‍ॅशला साग हा पर्याय नाही, तो तितका लवचीक नाही. आपल्याकडे बंडीच्या कामाला तिवस आणि धावडा वापरत आले आहेत. धक्के सोसण्याच्या बाबतीत हीच लाकडं अ‍ॅशच्या जवळची. तिवस नीट वाळलेला मिळणं कठीण, हीच एक अडचण.

एक पट्टी बदलायची तर

आधी प्रत्येक पट्टीवर कागदी टेप लावून नंबर टाका, चहूबाजूंनी फोटो काढा. काढायच्या पट्टीवर बटर पेपर ठेवून पेन्सिलने रिव्हेटांसकट छाप उतरवून घ्या.

रिव्हेट बाहेरून ड्रिलने काढायला जाऊ नका. डोक्यावरून ड्रिल घसरतो आणि शेजारची पट्टी खातो. आतल्या बाजूने काम करायचं. ठोकून चपटं केलेलं टोक कानसने घासा, खालची चकती सैल झाली की ती पकडीने काढा आणि बारीक पंचने रिव्हेट बाहेर ढकला. पट्टी सरसाने चिकटवलेली असेल तर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने दहा मिनिटं शेकली की सुटते.

नवी पट्टी एकदम ३ मिलिमीटरवर रंधायची नाही. आधी साडेचार मिलिमीटर जाड ठेवा आणि गाडी असते त्याच खोलीत, मधे काड्या घालून, तीन आठवडे रचून ठेवा. मीटर ९ च्या आसपास स्थिरावलं की मगच शेवटचा रंधा मारा.

हलकी गोलाई असेल तर वाफेची पेटी लागत नाही. उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि लगेच फासळ्यांवर शिकंज्यांनी आवळा. दोन दिवस तशीच राहू द्या, सोडल्यावर थोडी मागे येईल, तेवढी येऊ द्या. त्यानंतर आठवडाभर वाळू दिल्याशिवाय भोकं पाडायची नाहीत, कारण पट्टी अजून ओली आणि फुगलेली असते. जाड फासळी वाकवायची असेल तेव्हा मात्र वाफच लागते. दर २५ मिलिमीटर जाडीला एक तास, आणि पेटीतून काढल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत साच्यावर. भट्टीत सुकवलेलं लाकूड वाफेने नीट वाकत नाही, बहुधा मोडतं. हवेत वाळवलेलंच घ्या.

बसवण्याआधी पट्टीच्या चारही कडा आणि आतली बाजू यांना पातळ वॉर्निशचे दोन हात द्या. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. फक्त बाहेरून पॉलिश केलेली पट्टी आतून दमट हवा पिते आणि वळते.

९-१० टक्क्यांवर बसवताना दोन पट्ट्यांत व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी, साधारण ०.३ मिलिमीटरची फट ठेवा. पट्ट्या एकमेकींना कधीही चिकटवू नका. चिकटवायची तर फक्त फासळीला, तीही मधल्या रेषेत. मूळ रचनेत पट्टीच्या रुंदीत दोन रिव्हेट असतील तर एक भोक नेमकं पाडा आणि दुसरं ०.३ मिलिमीटर मोठं. तेवढ्या सुटीने पट्टी मधोमध चिरत नाही.

तांब्याचा रिव्हेट आधी लाल करून पाण्यात विझवा. पोलाद असं केल्याने कडक होतं, तांबं मऊ पडतं. भोकातून घालून मागे चकती चढवा, चकतीच्या वर रिव्हेटच्या जाडीच्या दीडपटीपेक्षा जास्त टोक ठेवू नका आणि बाहेरून डोक्याला जड ठोकळा टेकवून आतून छोट्या गोल हातोडीने वीस-पंचवीस हलके ठोके द्या. दोन-तीन जोरदार घाव घातले तर रिव्हेट लाकडाच्या पोटात वाकतो. वरून ठीक दिसतो आणि सहा महिन्यांत सैल होतो. लोखंडी खिळा किंवा स्क्रू कुठेही चालणार नाही. गंज चढतो आणि भोवतीचं लाकूड काळं पडतं. पितळी स्क्रू मऊ असतो, म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या, मग मेण लावून पितळी बसवा.

फासळीचा कुजलेला तुकडा बदलताना तिरपा जोड द्या, जाडीच्या आठपट लांब. २५ मिलिमीटरच्या फासळीला २०० मिलिमीटर. सरळ कापून टोकाला टोक चिकटवलेला जोड खड्ड्यात पहिल्याच दिवशी सुटतो.

चिकटवायचं कशाने

पांढरा गोंद, ज्याला सगळे फेविकॉल म्हणतात, घरातल्या कपाटाला उत्तम. उन्हात उभ्या गडद रंगाच्या बॉनेटजवळ लाकूड ६५-७० अंशांपर्यंत तापतं, आणि या जातीचा गोंद त्या उष्णतेत मऊ होऊन ताणाखाली सरकतो. साधा इपॉक्सीही ५०-६० अंशांच्या पुढे नरम पडतो, शिवाय तो पुन्हा सोडवता येत नाही. इपॉक्सी वापरायचाच तर थोडा-थोडा कालवा. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो.

मूळ जोड प्राण्यांच्या सरसाने केलेले असतील तर आतल्या भागात तोच वापरणं बरं. भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांच्या आसपास तापवायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की ताकद जाते. पाणी लागणाऱ्या जागी रिसॉर्सिनॉल जातीचा गोंद घ्या. त्याला जोड अगदी तंतोतंत लागतो, दाब भरपूर लागतो, आणि जांभळट रेघ राहते. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याच्या आधी, पंधरा मिनिटांच्या आत, अ‍ॅसिटोनने पुसा.

पॉलिश

जुनं पॉलिश काढायला कॉस्टिक सोडा नाही, ब्लोलॅम्प नाही आणि सँडर मशीन तर मुळीच नाही. तीन मिलिमीटरची पट्टी सँडरखाली बघता-बघता अडीचची होते आणि रिव्हेटची डोकी घासून जातात. पोलादी खरवडणी किंवा सुतार वापरतात तो काचेचा तुकडा, रेषेच्या दिशेने. मग १२० आणि २२० नंबरचा पेपर हाताने.

फ्रेंच गाडी आहे म्हणून फ्रेंच पॉलिश करायचं, असा सल्ला हमखास मिळतो. लाखेचं पॉलिश पाण्याच्या थेंबाने पांढरं होतं, त्याचं स्थान डॅशबोर्डवर. बाहेरच्या बाजूला होड्यांचं तेलवॉर्निश, उन्हाला टिकणारं. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, दुसरा पाव, पुढचे पाच-सहा जसंच्या तसं. दोन हातांत २४ तास आणि ३२० नंबरचा हलका पेपर. कडक पीयू (पॉलियुरेथेन) सुरुवातीला आरशासारखं दिसतं, पण लाकूड हललं की तडकतं, तडकीतून पाणी शिरतं आणि खाली काळे डाग पडतात. मग सगळंच खरवडावं लागतं. तेलवॉर्निशवर दरवर्षी हिवाळ्यात एक-दोन हात चढवले की भागतं. जुलैत पॉलिशचा डबा उघडू नका.

चाकं आणि बोल्ट

लाकडी आऱ्यांची चाकं मे महिन्यात करकरायला लागली की बंडीच्या चाकासारखी हौदात टाकायचा सल्ला कोणीतरी देतंच. करू नका. कोरडं लाकूड जागच्या जागी अडकलेलं असताना फुगवलं की त्याचे तंतू स्वतःच्याच दाबाने चेपतात, आणि वाळल्यावर ते आधीपेक्षा बारीक होतं. पुढच्या उन्हाळ्यात चाक आणखी सैल. बंडी ताशी पाच किलोमीटर चालते म्हणून तिथे खपतं. मोटारीचे आरे सैल असतील तर चाक उतरवून सांधा बांधायचा, तोवर गाडी चालवायची नाही.

बॉडी चेसिसला धरणाऱ्या बोल्टांचंही तेच. उन्हाळ्यात सैल लागले म्हणून कसून आवळले की पावसाळ्यात लाकूड वॉशरखाली चेपतं. मोठे वॉशर घाला, नोव्हेंबरमध्ये एकदा बेताने आवळा, बाकी वर्षभर फक्त तपासा.

कागदपत्रं

जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते. गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस किंवा बॉडीत मोठा फेरबदल चालत नाही. त्यामुळे काढलेली प्रत्येक पट्टी, कुजलेली असली तरी, नंबराच्या चिठ्ठीसकट पोत्यात भरून ठेवा. त्या जागी काय होतं हे दाखवायला ती उपयोगी पडते, आणि पुढच्या मिस्त्रीला रिव्हेटांचं मूळ अंतर त्या तुकड्यावरूनच मोजता येतं.